आडवा चिकटलेला स्फटिक

स्फटिक आडवा चिकटला होता आणि चूक सोळा आणे थोरलीची होती. बाईंच्या प्रयोगशाळेतली सगळ्यांत जुनी विद्यार्थिनी म्हणून तिला थोरली म्हणत. तांदळाच्या दाण्याएवढ्या त्या स्फटिकात अणूंच्या साखळ्या होत्या, प्रत्येक अणू एक इवलासा चुंबक. गार केलं की चुंबक शिस्त धरत आणि स्फटिकाच्या दोन बाजूंना विजेचा भार उमटे. कसा? बाईंचं म्हणणं, चुंबक एकापुढे एक कलत जातात, चाकाच्या आऱ्यांसारखे. तसं असेल तर भार साखळीला आडवाच यायला हवा. थोरलीचा अख्खा प्रबंध या म्हणण्यावर उभा होता.

आता चुकून भार मोजायच्या तारा साखळीच्या टोकांना लागल्या होत्या, आणि भार तिथेच भरभरून आला होता. तिने व्होल्टेज उलटं लावून पाहिलं, भारही उलटला. चुंबकांची शिस्त मोडेल इतकं तापवलं, भार गेला. म्हणजे खराच.

थोरलीने भाराचा आलेख छापून घेतला. स्फटिक उपटून नीट चिकटवला असता, तर कुणाला पत्ता लागला नसता. पण बाईंपाशी खोटं बोलायला तिची जीभ रेटेना. ती तडक चहाच्या खोलीत गेली.

“बाई, मी स्फटिक चुकीचा चिकटवला. आणि… तुमचं म्हणणं चुकतंय बहुतेक.”

बाई म्हणजे लवंगी मिरची. त्यांनी आलेख पाहिला, पुन्हा पाहिला. मग टेबलावरचे कप ओढले आणि एक मोठा, एक छोटा अशी रांग लावली. दोघांचे कान उजवीकडे, पुढच्या दोघांचे डावीकडे, पुन्हा तसंच.

“दोन जातींचे अणू, आणि कान म्हणजे त्यांच्या चुंबकाची दिशा. ज्या शेजाऱ्यांचे कान एका दिशेला ते जवळ येतात, उलट ते लांब जातात. सरकव बघू.”

थोरलीने सरकवले. छोटे कप सगळेच्या सगळे एकाच बाजूला गेले.

“अगं, कलतंय कोण इथे! नुसते सरकतायत!” बाई टाळी देऊन हसल्या. “छोट्यांचा भार वेगळा, ते सगळे एकीकडे गेले की झालं काम. आणि मी बसलेय दहा वर्षं आडवं मोजत!”

आपलं दहा वर्षांचं म्हणणं मोडताना इतकं खूश झालेलं माणूस थोरलीने पाहिलं नव्हतं. तिला बाईंचा विलक्षण अभिमान वाटला.

“उद्याचं माझं व्याख्यान तू दे,” कप विसळत बाई म्हणाल्या.

“मी? सुरुवात कुठून करू?”

“बाई चुकल्या, इथून. आणि मोठ्याने बोल, मी मागच्या रांगेत बसणार आहे.”