खुंटीवरची टोपी

एप्रिल निम्मा सरला तरी बर्फ हटायचं नाव घेत नव्हता. मेंढ्या एकीमागून एक वीत होत्या आणि कुलीपा म्हातारीचं अंग नुसतं मोडून आलं होतं. त्यात सून जारकिन दिवस भरायच्या आधीच, सकाळी बाळंत झाली. पोर कसलं, मूठभर मांस.

रीतीप्रमाणं कुलीपानं त्याला मिठाच्या पाण्यानं न्हाऊ घातलं, कोल्ह्याच्या कातड्याच्या टोपीत ठेवलं आणि टोपी तंबूच्या भिंतीतल्या लाकडी जाळीला, पहिल्या खुंटीवर टांगली. रोज एक खुंटी पुढं सरकवायची, की अपुरं पोर पुरं होतं. जारकिनचा नवरा याच टोपीत वाढला होता. पण त्या साली शेण्या वाळलेल्या होत्या, चूल विझत नव्हती. औंदा ओल्या शेण्यांचा नुसता धूर.

दुपारी कुलीपाचा नवरा, कासिमाली म्हातारा, अंगरख्यात ओलं कोकरू घेऊन आत आला.

"नातू रडंना व्हय गं?"

"शाना हाय. आज्यावर गेला न्हाई."

म्हाताऱ्यानं टोपीत हात घातला आणि चरकला. "आगं, पाय बघ ह्याचं! बर्फावानी लागत्यात."

"चूल फुलू दे, व्हईल ऊन."

"चुलीच्या भरवशावर मी कोकरू तरी ठिवलंय का कदी? आन हिकडं, अंगाला लावतो."

कुलीपानं पावलाला बोट लावलं. आपणच न्हाऊ घालून त्याची ऊब घालवली, हे तिला कळलं. जारकिन रक्त जाऊन स्वतःच थरथरत होती.

"तुझ्या अंगाला लेंड्यांचा वास मारतोय. सर तिकडं!" म्हणत तिनं गळ्याच्या गुंड्या सोडल्या, पोराला उघडंच छातीशी धरलं, डोक्यावर फडकं घातलं आणि वरून कातड्याचा कोट ओढला.

"ह्या वाळल्या हाडांत कसली ऊब आलीया," ती पुटपुटली.

"तोंडात तर लई हाय. अंगात बी आसंल," म्हातारा म्हणाला.

पाठ भरून आली, पाय बधिर झाले, तरी ती हलली नाही. दिवस कलताना कोटाच्या आत बारीक कुरकुर झाली, मग चांगलं टाहो फोडून रडणं. कुलीपाचे डोळे वाहायला लागले. तोवर जारकिनची थरथर थांबली होती. कुलीपानं पोर तसंच उघडं तिच्या छातीशी दिलं आणि भिंतीला टेकली.

दुसऱ्या सकाळी तिनं रिकामी टोपी पुढच्या खुंटीवर टांगली.

"आता ती कशाला?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"रीत हाय. टोपी फिरंल खुंट्यांवर, पोर ऱ्हाईल अंगावर," ती म्हणाली. "तू शेण्या वाळव."