आठवं गाणं

चिझुरुने 'समुद्र' या शब्दाच्या ऐन मध्यावर श्वास घेतला. मुद्दामच. काचेपलीकडे संगीतकार कुजी-सान यांनी बटणांवरून मान वर केली.

"घसा बसलाय का गं?"

"थोडासा."

"आज अगदी सपाट वाटतंय. पुन्हा घेऊ या?"

"पुन्हा घेतलं तरी असंच येईल."

कुजींनी घड्याळ पाहिलं. गाणं आजच पाठवायचं होतं. "जाऊ दे. मिओरीला चाल कळली म्हणजे झालं."

चिझुरुचं काम तेवढंच होतं. नवं गाणं तयार झालं की आधी ते तिने गायचं. ते ऐकून, घोकून मिओरी आपल्या आवाजात गायची, आणि मग चिझुरुचं गाणं पुसून टाकलं जायचं. अशी सात गाणी झाली, त्यांचे सात व्हिडिओ झाले. प्रत्येक व्हिडिओ चिझुरु घरी एकटीच बघायची. शेवटच्या ओळीआधीचं ते अडखळणं तिचं, शब्द संपता संपता उमटणारं हसू तिचं. गळा आणि तोंड मात्र तेवीस वर्षांच्या मिओरीचं. चिझुरु अडतीस वर्षांची होती. एकदा फोनवर बोलताना ती सहज गुणगुणली, तर अकिताहून आई म्हणाली, "हल्ली त्या मिओरीची नक्कल करतेस का गं? या वयात शोभत नाही हो."

जीव जळायचा. पण त्या जळण्यातही एक चोरटं समाधान होतं: हे सगळं माझं आहे, एवढं मला तरी ठाऊक आहे.

गेल्या रविवारी टीव्हीवर कुणीतरी मिओरीला विचारलं, आवाजातला हा कंप तुम्ही कुठे शिकलात? मिओरी केस मागे सारत म्हणाली, "आपोआप येतो." चिझुरुने टीव्ही बंद केला. हातातलं अर्धं सोललेलं संत्रं तसंच ताटलीत राहिलं. म्हणून आज तिने आठव्या गाण्यात काही म्हणजे काहीच दिलं नाही. बघू या, आपोआप काय येतं ते.

सहा आठवड्यांनी कुजींचा निरोप आला: चोशीच्या मासळी बाजारात व्हिडिओचं शूटिंग आहे, मिओरीने तुला बोलावलंय. चिझुरुला काय ते कळलं. चार माणसांत पाणउतारा होणार. तिने राखाडी कोट चढवला आणि गेली.

लिलाव केव्हाच आटोपला होता. ओल्या फरशीवर कॅमेरा उभा होता, रबरी बूट घातलेल्या बायका पेट्या धूत होत्या. तेवढ्यात कर्ण्यातून गाणं सुरू झालं.

चिझुरुने कान टवकारले. पहिली ओळ गेली, दुसरी गेली. ओळखीचं काहीच सापडेना. आवाज जरा खरखरीत होता, नाकातून येत होता. शब्दांना या किनाऱ्यावरच्या, मिओरीच्या गावच्या बोलीचा हेल होता. शेवटची ओळ तर मिओरीने गायलीच नव्हती, डोक्यावरचं ओझं उतरवावं तशी खाली ठेवली होती. पेट्या धुणाऱ्या बायकांपैकी एकीने नळ बंद केला.

टेक संपला तशी मिओरी धावतच आली आणि कमरेत वाकली.

"चिझुरु-सान ना? इतक्या लांब बोलावलं, रागावू नका हं."

"गाणं वाईट पाठवलं मी. घसा..."

"फारच वाईट होतं!" मिओरी बोलून गेली आणि तिने तोंडावर हात ठेवला. "माफ करा. पण तीन दिवस रडत होते मी. तुमच्यासारखं गायचं, एवढंच मला येत होतं. या वेळी धरायला काही नव्हतंच. शेवटी कुजी-सान वैतागले. म्हणाले, आता गा बाई तुला येईल तसं."

चिझुरु धुतलेल्या पेट्यांकडे बघू लागली.

"मला शिकवायला त्यांनीच तुम्हाला तसं गायला सांगितलं होतं ना? विचारलं तर नाही म्हणतात."

"नाही. मला कुणी सांगितलं नव्हतं."

मिओरी तिच्याकडे बघत राहिली. तिचे डोळे भरून आले. "म्हणजे, तुम्ही स्वतःहून?" ती पुन्हा वाकली, आधीपेक्षा खोल, आणि बराच वेळ उठली नाही. चिझुरुने कोटाची कडा मुठीत धरली.

"मी सांगितलंय त्यांना," डोळे पुसत मिओरी म्हणाली, "पुढच्या गाण्यापासून नुसती पियानोवर चाल पाठवा. तुम्हाला उगाच त्रास नको."

"बरं केलंस," चिझुरु म्हणाली.

दिग्दर्शकाने हाक मारली. मिओरी गेली, गाणं पुन्हा सुरू झालं. चिझुरुला आता निघता आलं असतं. पण ती रिकाम्या पेट्यांशेजारी उभी राहून मिओरीच्या ओठांकडे बघत राहिली, आणि दुसऱ्या कडव्याला, कुणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू, तिच्या मागून गाऊ लागली. शेवटच्या ओळीतला तो हेल काही जमला नाही.

पुढच्या टेकला तिने पुन्हा प्रयत्न केला.