दुसऱ्या बाजूचा दांडा

धाकट्याला सगळे ‘डबल’ म्हणायचे, आणि हे नाव ठेवलं होतं खुद्द त्याच्या सख्ख्या थोरल्या भावानं. थोरला वीज उपकेंद्रात ऑपरेटर, धाकटा लाईनमन. लाईन बंद झाली की ज्या खांबावर काम करायचं त्याच्या दोन्ही बाजूंना तारांवर अर्थिंगचे दांडे अडकवायचे, म्हणजे चुकून कुठून वीज आलीच तर ती माणसाला सोडून जमिनीत जाते, असा नियम. नियम तोंडपाठ सगळ्यांना, पाळणारा एकटा डबल. बाकीचे उपकेंद्राच्या बाजूला एक दांडा अडकवायचे आणि सरळ चढायचे. वीज येणार ती तिकडूनच, दुसरीकडून काय आभाळातून टपकणार? डबल घरीही तसलाच. गॅस बंद केला का ते बघायला झोपताना दोनदा उठायचा. थोरला त्याची यथेच्छ टिंगल करायचा आणि तो हसून सोडून द्यायचा.

त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला एका खांबावरचा इन्सुलेटर फुटला. थोरल्यानं ब्रेकर पाडला, लाईन उपकेंद्रापासून तोडणारा आयसोलेटर उघडला, त्याला कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली आणि कामाचं परमिट दिलं. सगळं कसं नियमाला धरून. पण नेमके त्याच लाईनवर पाणीपुरवठ्याचे पंप. पाच मिनिटांत साहेबांचा फोन, मग पंपवाल्यांचा, मग पुन्हा साहेबांचा. थोरल्याचे कान किटले. त्यानं धाकट्याला फोन लावला, तर हे महाराज अजून खांबाखालीच. पुढच्या बाजूचा दांडा अडकवायला नाल्याला वळसा घालून जावं लागणार होतं, दहा मिनिटं तरी लागतील म्हणाला.

थोरल्याचं डोकं फिरलं.

“लाईन मी बंद केलीये. किल्ली माझ्या खिशात आहे. तुझा माझ्यावर भरवसा नाही का?”

धाकटा म्हणाला, “तसं नाही दादा. चढतो.”

आणि चढला. नाल्यापलीकडे बर्फाचा कारखाना होता. वीज गेली म्हणून तिथल्या माणसानं जनरेटर सुरू केला, पण आधी कारखाना बाहेरच्या लाईनपासून तोडायचा खटका असतो, तो टाकायला विसरला. झालं. जनरेटरची वीज कारखान्याच्या ट्रान्सफॉर्मरमधून उलटी निघाली आणि तारेवर आली, जिकडे दांडा नव्हता तिकडून. धाकटा कमरेच्या पट्ट्याला लटकून राहिला. त्याला खाली उतरवलं तेव्हा काही उरलं नव्हतं.

चौकशी बसली. सगळं खरं सांगून टाकायचं, असं ठरवूनच थोरला आत गेला होता. एवढं तरी धाकट्याच्या बाजूनं बोलायला हवं. पण समोर लांबलचक टेबल, दोन साहेब, उघडी फाईल. फोनवर काय बोलणं झालं, असं त्यांनी विचारलं आणि याला नोकरी दिसली, दोन पोरं दिसली, आईचं तोंड दिसलं. परमिटचा नंबर सांगितला, बाकी काही नाही, असं तो म्हणाला. त्या दिवशी धाकट्यासोबत खांबाखाली असलेल्या जोडीदारालाही बोलावलं. तो म्हणाला, मी दोर सोडवत होतो, मला काही ऐकू आलं नाही. अहवाल आला. मृत कर्मचाऱ्याचा स्वतःचा हलगर्जीपणा.

हलगर्जीपणा! आणि तो कुणाचा, तर डबलचा!

तेवढ्यावर भागलं असतं तरी एक वेळ ठीक होतं. पण या खात्याची रीत अशी, की अपघाताचं परिपत्रक प्रत्येक उपकेंद्रात सकाळच्या हजेरीला मोठ्यानं वाचून दाखवायचं, म्हणजे बाकीच्यांना धडा मिळतो. वाचायचं पाळीवरच्या सगळ्यात जुन्या माणसानं. इथं जुना कोण? थोरलाच. कुणीतरी म्हणालं, राहू द्या, मी वाचतो. यानं कागद सोडला नाही. सतरा माणसांसमोर त्यानं पहिल्या ओळीपासून खालच्या सहीपर्यंत वाचलं, ‘हलगर्जीपणा’सुद्धा वाचलं, आवाज कापू न देता. जोडीदार मान खाली घालून बुटानं माती उकरत होता.

संध्याकाळी थोरला घरी न जाता समोरच्या दारात गेला. दोघा भावांची घरं समोरासमोर, आई धाकट्याकडे राहायची. भावजय ओट्याशी उभी राहून कणीक मळत होती. आई आतल्या खोलीत पडून होती. दारातच उभा राहून त्यानं सगळं सांगून टाकलं, फोन, किल्ली, भरवसा, सगळं. बोलताना तो रडत होता आणि त्याला स्वतःचीच किळस येत होती.

तिचे हात थांबले नाहीत.

“मला माहीत आहे,” ती म्हणाली. “हातमोजे घातले होते म्हणून यांनी फोन स्पीकरवर ठेवला होता. जोडीदारानं तिसऱ्याच दिवशी येऊन सांगितलं. चौकशीत तुम्ही स्वतः सांगाल, असं त्याला वाटत होतं. मलाही वाटत होतं. मी वाट बघत होते.”

उद्याच साहेबांकडे जातो, जबाब बदलतो, लेखी देतो, नोकरी गेली तरी बेहत्तर, असं तो भडाभडा बोलत सुटला. तिनं आतल्या खोलीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

“नाही. आता नाही. एक मुलगा गेला, तो कुणामुळे गेला हे कळलं तर आईंना दुसराही उरणार नाही. आज सकाळपासून चार वेळा विचारलं त्यांनी, थोरला आला का म्हणून.” तिनं परात बाजूला सरकवली. “तोंड धुवा. ताट वाढते. त्यांच्यासमोर बसून जेवा, आणि पोटभर जेवा. रोज या.”

आतून आईनं विचारलं, कोण आलंय गं?

“दादा आलेत,” भावजय म्हणाली, आणि तिनं पाट मांडला.