चौदाव्या पानावरचा समुद्र

आमचे हे छापखान्यात फोटो साफ करतात. म्हणजे नवरीच्या गालावरची पुळी, इमारतीपुढची वायर, हॉटेलच्या दारातली कचराकुंडी, गिऱ्हाइकाला जे नको ते कॉम्प्युटरवर पुसून टाकायचं. बावीस वर्षं दुसऱ्यांच्या सहली सजवल्या, पण आम्हाला कुठे न्यायचा विषय काढला की एकच उत्तर, "पाहू." त्या 'पाहू'वर मी आख्खा संसार काढला.

यंदा मात्र मी हटून बसले. मासोळी, म्हणजे आमची नऊ वर्षांची लेक, नुकतीच पोहायला शिकली होती आणि तेव्हापासून तिने समुद्राचा धोशा लावला होता. ह्यांच्याच पिशवीत मला एक ब्रोशर सापडलं. चौदाव्या पानावर नारळाची झाडं, पांढरी वाळू, दारात समुद्र असलेल्या खोल्या आणि निळंशार पाणी. जेवताना मी ते पान ह्यांच्यापुढे धरलं, तर घास हातातच राहिला.

"तिथे नको."

"का नको?"

"डास फार असतात."

दुसऱ्या दिवशी डासांच्या जागी ऊन आलं. तिसऱ्या दिवशी म्हणाले, तिथल्या खोल्यांना ओल असते. ज्या माणसाने ती जागा जन्मात पाहिली नाही, त्याला तिथल्या भिंतींची ओल कशी ठाऊक? मला वाटलं, नेहमीचीच टाळाटाळ. माझं डोकं फिरलं आणि मी बोलणंच टाकलं. चार दिवस ताट वाढायचं तेही आदळून.

त्या अबोल्यात एक गोष्ट ह्यांना सांगायची राहिली. राहिली कसली, मी मुद्दामच ठेवली. ते पान मी आधीच वन्संना, म्हणजे ह्यांच्या धाकट्या बहिणीला दाखवलं होतं. सगळ्यांनी मिळून जायचं ठरत होतं, पण त्यांना सुट्टी नेमकी याच आठवड्यात मिळाली. "दादाला तुम्हीच सांगा हं, वहिनी," म्हणत त्या दोन्ही मुलांना घेऊन शुक्रवारी गेल्यासुद्धा. परत येऊन त्यांनीच भावापुढे फोटो टाकावेत आणि ह्यांचं तोंड बंद व्हावं, असा माझा बेत होता.

रविवारी दुपारी मी मासोळीचा पोहण्याचा पोशाख शिवत बसले होते. शिवणकाम करून करून माझ्या डोळ्यांना खोडच लागली आहे, कापड असो की कागद, सरळ रेघ आधी दिसते. समोर चौदावं पान उघडं होतं. नारळाच्या सावल्या एका बाजूला वाकड्यातिकड्या पडल्या होत्या. पण अगदी पाण्याच्या कडेला वाळूवर आणखी एक सावली होती, काठीसारखी सरळ आणि टोकाला कापड फडकत असल्यासारखी. काठी मात्र फोटोत कुठेच नव्हती.

अबोला मीच मोडला. "अहो, ही सावली कशाची?"

ह्यांनी पान जवळ ओढलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"राहिली वाटतं पुसायची," असं म्हणून त्यांनी त्या सावलीवर बोट ठेवलं. "मूळ फोटोत लाल बावटा होता गं तिथे. शेजारी पाटी होती, पोहायला सक्त मनाई. आतून ओढ आहे पाण्याला. गिऱ्हाईक म्हणालं, शोभा जाते, काढून टाका. मी काढून टाकलं."

"आणि मला डास सांगितलेत?"

"लाज वाटली."

मला रागवायलाही सुचेना. "वन्सं तिथे आहेत," मी म्हणाले. "पोरांना घेऊन. शुक्रवारपासून."

"मला का नाही सांगितलंस?"

त्यांनी लाजेपायी तोंड उघडलं नाही, मी हट्टापायी.

वन्संचा मोबाइल वाजून वाजून बंद झाला. मग ह्यांनी ब्रोशरच्या मागचा हॉटेलचा नंबर लावला, फोन स्पीकरवर टाकला आणि वन्संची चौकशी केली. तिथली मुलगी भलतीच आनंदी होती.

"त्या ना? मुलांना घेऊन पाण्यात गेल्यात. आज समुद्र काय सुंदर आहे म्हणून सांगू! अगदी फोटोतल्यासारखा."

"तिथे लाल बावटा आहे ना?" ह्यांनी विचारलं.

"होता. गेल्या महिन्यात काढला. पाहुणे विचारायचे, फोटोत तर नाही, मग इथे कशाला?"

"आधी त्यांना बाहेर काढा!" हे एवढे ओरडले की आतून मासोळी धावत आली. अर्धवट शिवलेला पोशाख तिने अंगाला लावून पाहिला आणि कसा दिसतो म्हणून विचारलं. आम्ही दोघंही फोनकडे बघत उभे होतो.

किती वेळ गेला कोण जाणे. मग वन्संचा धापा टाकत आलेला आवाज. "काय रे दादा? जीव घेतोस की काय? घरी सगळे बरे आहेत ना?"

"पोरं कुठे आहेत?"

"ही काय, माझ्याजवळ. टॉवेल गुंडाळून तोंड फुगवून उभी आहेत."

मला रडूच फुटलं. ह्यांनी वन्संना सगळं सांगितलं, बावटा, पाटी, सगळं. पुन्हा पाण्यात पाऊल टाकायचं नाही, असं तीन वेळा बजावलं.

"बरं बाबा, नाही जात," वन्सं म्हणाल्या. "पण तू उगाच घाबरतोस. पन्नासेक माणसं आहेत की पाण्यात. इवली इवली पोरं आहेत. त्यांना कुणालाच कसं काही वाटत नाही?"

फोन ठेवला. "सुटलो बाई एकदाचे," मी म्हणाले आणि डोळे पुसले.

हे माझ्याकडे बघतसुद्धा नव्हते. तोच नंबर पुन्हा लावत होते. दोनदा चुकला. तिसऱ्यांदा लागला.

"सगळ्यांना बाहेर काढा," हे म्हणाले. "शेवटच्या माणसापर्यंत. आणि तो बावटा आत्ताच्या आत्ता परत लावा."

"पण आपण कोण बोलताय?"



"ज्याने तुमचा फोटो साफ केला, तो."