उबेचा ठिपका

"दार उघड, पण आत हात घालू नको," नरहरी म्हणाला.

दत्तानं पॅनलचं लोखंडी दार उघडलं. नरहरीनं कॅमेरा समोर धरला. छोट्याशा पडद्यावर आतल्या तारा निळ्या-जांभळ्या दिसत होत्या. एका जोडावर मात्र पिवळाधमक ठिपका होता.

"हा सैल झालाय. आज घट्ट करून घे, नाहीतर जळेल."

घोटावड्याच्या या रबराच्या कारखान्यात दत्ता वायरमन होता. जवळच्याच धनगरवाड्यातला. नरहरी मूळचा परभणीचा. नोकरीसाठी पुण्याकडे आला आणि एका लहान कंपनीत चिकटला. उष्णता दाखवणारा हा कॅमेरा कंपनीचा. तो घेऊन नरहरी मुळशीभर फिरायचा. हिंजवडीच्या ऑफिसांतल्या बॅटरीच्या खोल्या, पिरंगुटच्या बेकरीची भट्टी, दुधाचं शीतगृह. कुठं काय तापतंय, कुठून गारवा गळतोय, एवढं सांगायचं आणि निघायचं. न लागलेल्या आगीबद्दल कुणी आभार मानत नाही. त्याचं नरहरीला वाईट वाटत नसे. बायकोला, हेमलताला, तो म्हणायचा, "माझं काम बरं आहे. वाईट बातमी आधीच सांगून टाकायची, म्हणजे ती खरी होत नाही."

दत्ताचा मोबाईल वाजला. त्यानं ऐकलं आणि तो भिंतीला पाठ लावून खालीच बसला.

"काय झालं रे?"

"दाजी गाडलं गेलं, साहेब. म्हसूदाजी. धरणाच्या वरच्या अंगाला डोंगर कापून रस्ता चाललाय न्हवं, तितं दरड आली. शेरडं घिऊन सावलीला बसलं व्हतं. माजी भैन तितंच हाय, सुंदरा."

"चल, मी सोडतो तुला गाडीवर."

दत्ता उठला. त्याची नजर नरहरीच्या हाताकडे गेली. "साहेब, ह्यात माणसाची ऊब दिसती न्हवं? मागल्या खेपेला तुमी मला माजाच हात दावला व्हता."

"मातीतून नाही दिसत, दत्ता. हा फक्त वरचं वरचं दाखवतो. साध्या भिंतीपलीकडचंसुद्धा दिसत नाही याला."

"तरी घ्या संगट. न्हाई दिसलं तर न्हाई."

होळी होऊन गेली होती. पौडच्या पुढं उन्हानं डांबर चकाकत होतं. मागे बसलेला दत्ता वाटभर फोनवर बोलत होता आणि वाऱ्यात नरहरीला तुटक शब्द ऐकू येत होते. "कॅमेरा... व्हय... साहेब सवता..."

ते पोचले तेव्हा बातमी पुढं पोचलेली होती. गर्दी आपोआप दुभंगली. कुणीतरी ओरडलं, "कॅमेरेवालं सायेब आलं, बाजूला व्हा!" डोंगराचा कापलेला कडा लालभडक दिसत होता आणि त्याच्या पायथ्याशी माती-दगडांचा घराएवढा ढीग पडला होता. माणसं घमेली, फावडी आणि नुसत्या हातांनी उकरत होती. एकच जेसीबी होतं. ते कुठं लावायचं यावर वाद चालला होता.

सुंदरा धावत आली. पदर मातीनं माखलेला, नखांतून रक्त आलेलं. "दादा, बेगीन बगा. त्यास्नी दम्याचा तरास हाय. लई वेळ न्हाई निभायचं त्यांचं."

जे दत्ताला सांगितलं तेच तिलाही सांगायला हवं होतं. नरहरीनं तोंड उघडलं. ती त्याच्याकडे बघत नव्हती, त्याच्या हातातल्या यंत्राकडे बघत होती. त्यानं कॅमेरा उचलला.

पडद्यावर सगळा ढीग पांढराफटक होता. उन्हानं तापलेला दगड अंगाएवढाच गरम असतो. त्या पांढऱ्यात खणणारी माणसंसुद्धा धड ओळखू येत नव्हती. त्याच्या मागोमाग पन्नास-साठ माणसं श्वास रोखून चालत होती. तो ढिगाला वळसा घालून मागं, कड्याच्या सावलीत गेला. तिथं पडदा निळा झाला. दोन मोठ्या शिळांच्या मधे अंधारी फट होती, आणि फटीत खोल एक फिकट केशरी ठिपका.

"इथं काहीतरी गरम आहे," तो म्हणाला.

"जित्तं हायेत!" मागून आरोळी उठली.

"थांबा, ऐका, माणूसच असेल असं नाही! शेळीसुद्धा असू शकते!" तो ओरडला. पण लोक फटीकडे धावले होते.

तेवढ्यात पलीकडच्या टोकाकडून एक म्हातारा, गेणबा, चप्पल घेऊन आला. "म्हसूची हाय ही. तितं घावली, त्या बाजूला."

"दरडीबरुबर वाहत आली आसंल चप्पल," कुणीतरी म्हणालं.

जेसीबीचा ड्रायव्हर खाली वाकून नरहरीला विचारत होता, "साहब, मशीन एक ही है। इधर लगाऊँ या उधर?"

रस्त्याच्या कामावरचा सुपरवायझर कपाळाचा घाम पुसत म्हणाला, "तुम्हीच सांगा साहेब. आम्हाला काय कळतंय?"

नरहरीनं चपलेकडे पाहिलं. फटीकडे पाहिलं. आतला ठिपका जरासा हलल्यासारखा वाटला. इथं जीव होता, एवढं तरी नक्की होतं. तिकडे काय होतं ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

"इथं," तो म्हणाला.

शिळा मोठ्या होत्या आणि वरून माती पुन्हा पुन्हा घसरत होती. मशीन थांबवून हातांनी काढावी लागे. सुंदरा फटीला तोंड लावून हाका मारत होती, "आवं, आलो आमी! हाय का? आलो!" पलीकडच्या टोकाला गेणबा आणि चारपाच जण फावड्यांनी उकरत राहिले.

उन्हं कलली तेव्हा दुसरी शिळा निघाली. आतून आधी खुरं दिसली. तपकिरी शेळी होती. पाय मोडलेला, पण जिवंत. शेळी ओरडली. सुंदरानं तिला ओढून बाहेर घेतलं, तिच्या तोंडातली माती बोटानं काढली आणि तिला मांडीवर धरून बसून राहिली.

जेसीबी पलीकडे गेलं. नरहरी कॅमेरा घेऊन निवलेल्या ढिगावर चढला. एक एक दगड त्यानं पाहिला. पडदा सगळीकडे सारखाच निळा होता.

म्हसू सापडला तो चप्पल मिळाली तिथून थोडासाच खाली. पौडच्या दवाखान्यातला डॉक्टर म्हणाला, "गुदमरून गेलाय. केव्हा, ते नाही सांगता येणार."

रात्री घरी हेमलतानं सगळं ऐकून घेतलं. "तुम्ही गेला नसता तरी त्यांनी कुठंतरी मशीन लावलंच असतं ना?"

"लावलं असतं," नरहरी म्हणाला. "चपलेपाशी लावलं असतं."

तिनं त्याच्या ताटात भाकरी वाढली. त्यानं ती मोडली आणि तशीच ठेवली.

पावसाळ्याच्या तोंडाशी तो दत्ताला म्हणाला, "मला तुझ्या बहिणीला भेटायचंय." काय सांगायचं ते त्यानं ठरवलं होतं. माझ्यामुळं मशीन भलत्या जागी लागलं. कॅमेऱ्याला मातीखालचं दिसत नाही, हे मला ठाऊक असून मी तुमच्यापुढे तो उचलला.

धरणाच्या वरच्या रस्त्याकडेला सुंदरा शेरडं चारत होती. त्याला बघून तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला.

"बसा, दादा. बरं झालं आला. तुमाला सांगायचंच व्हतं." ती खाली बसली. "गावात सगळी म्हनायची, दमा व्हता, तडफडून तडफडून गेला आसंल. मला घास जात न्हवता. मंग दत्तानं सांगितलं, साहेबांनी कॅमेऱ्यात बगितलं, तितं ऊबच न्हवती. म्हंजी दरड आली तवाच गेले. त्यास्नी काय कळलं न्हाई." तिनं त्याच्याकडे पाहिलं. "व्हय न्हवं, दादा?"

नरहरीनं दत्ताकडे पाहिलं. दत्ता चपलेच्या टोकानं माती उकरत होता. त्यानं मान वर केली नाही.

"होय, ताई," नरहरी म्हणाला.

"मंग झालं तर."

ती उठली. बोलण्याच्या नादात शेरडं पांगली होती. काही चढावर गेली होती, काही रस्त्यावर आली होती. खालच्या वळणावरून रस्त्याच्या कामावरची गाडी हॉर्न देत येत होती. सुंदरानं जिभेनं टाळूवर आवाज काढला, पुन्हा काढला, मग हाक घातली. एकाही शेळीनं मान वळवली नाही.

"माजी हाक वळकत न्हाईत अजून," ती म्हणाली आणि काठी घेऊन चढावर धावली. एकीला खाली आणावं तर दुसरी वर जाई.

नरहरी रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिला. गाडी थांबली. ड्रायव्हर काचेतून हातवारे करत होता. नरहरी दोन्ही हात पसरून तसाच उभा राहिला, आणि शेरडं त्याच्या दोन्ही बाजूंनी, आपल्याच मर्जीनं, हळूहळू रस्ता ओलांडत राहिली.