धुक्याआड हंसाबाई

मी तुराटी फिल्म्सची वेबसाईट बोलतेय. तुमच्या फोनवर मी लगेच उघडले, यातच समाधान माना. काही महिन्यांपूर्वी आला असतात तर तुम्हाला मधोमध गोल गोल फिरणारं एक चाक दिसलं असतं, आणि तुम्ही कंटाळून निघून गेला असतात. पुष्कळ लोक तसेच गेले. त्यांना मी बोल लावत नाही. ज्यांना लावायचा, ते तिघं माझ्या घरातच आहेत.

माझा जन्म यवतमाळचा. कमलाकरकाकांच्या घराची पुढची खोली हेच कंपनीचं ऑफिस. काका सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले आणि आता सिनेमाचे निर्माते. दिग्दर्शक संघदीप नेरचा. पोटासाठी लग्नांचं शूटिंग करायचा आणि उरलेल्या वेळात सिनेमाचा विचार. मला बनवलं ते आभाने. ती काकांची मुलगी, पुण्याच्या एका कंपनीचं काम घरूनच करायची.

या तिघांनी मिळून एक सिनेमा काढला होता. 'बाजारातली जागा' त्याचं नाव. घाटंजीच्या आठवडी बाजारात एक बाई भाजी विकत असते. ती मरते. तिच्याशी वर्षानुवर्षं अबोला धरलेली बहीण पुढच्या बाजारापासून तिच्या जागेवर येऊन बसते, पण विकत काहीच नाही. नुसती बसते आणि ती जागा दुसऱ्या कोणाला घेऊ देत नाही. गोष्ट एवढीच. त्या बहिणीचं काम हंसाबाई आडे यांनी केलं. घाटंजीजवळच्या तांड्यात राहणाऱ्या, बाजारात खरोखर लसूण-कांदे विकणाऱ्या. कॅमेऱ्यासमोर त्या पहिल्यांदाच उभ्या राहिल्या होत्या. कोलकात्याच्या एका महोत्सवात हा सिनेमा दाखवला गेला, तेव्हा लोक संपल्यावरही खुर्च्यांवरून उठले नव्हते, असं संघदीप सांगतो.

मला घडवायला बसली तेव्हा आभाने पहिलाच प्रश्न शहाणपणाचा विचारला होता.

"ही वेबसाईट कोणासाठी करायची आहे?"

"सगळ्यांसाठी," काका म्हणाले.

"सगळ्यांसाठी म्हणजे कोणासाठीच नाही, बाबा."

"ज्याले सिनेमा समजते त्याच्यासाठी," संघदीप म्हणाला.

आभाने दोघांकडे पाहिलं आणि स्वतःच्या मनाने मला तयार केलं. वर हंसाबाईंचा बाजारात बसलेला फोटो. खाली सिनेमाचं नाव, त्यांचं नाव, गोष्ट सांगणाऱ्या दोन ओळी, झलक पाहायचं बटण, आणि शेवटी फोन नंबर. मी किती हलकी होते. कुठल्याही फोनवर बोट लावलं की उघडत होते. ते रूप माझ्या वाट्याला एक संध्याकाळ आलं.

दुसऱ्या दिवशी काकांनी चष्मा लावून मला पाहिलं. "फारच रिकामं दिसतं," ते म्हणाले.

मग मला भरायला सुरुवात झाली. मुहूर्ताचे फोटो आले. त्यात पाहुणे शाल-श्रीफळ घेऊन उभे, आणि ज्यांनी सिनेमात काम केलं ते मागे, अर्धे कापलेले. 'निर्मात्याचे मनोगत' आलं, भलंमोठं. वरच्या बाजूला सरकणारी पट्टी आली. तिच्यावर सणांच्या शुभेच्छा धावायच्या. पोळा झाला तरी पोळ्याच्या शुभेच्छा धावतच होत्या, कारण त्या काढायच्या कशा हे काकांना येत नव्हतं आणि आभाला वेळ नव्हता.

संघदीपला हे सगळं पाहून चीड आली. पण त्याने केलं काय? थंडीत पहाटे शेतात जाऊन धुकं शूट करून आणलं आणि म्हणाला, "आभाताई, उघडल्याबरोबर पूर्ण स्क्रीनवर हे धुकं पायजे. एक अक्षर नको."

"लोकांना कळणार कसं, आपण काय करतो ते?"

"सिनेमा हाय हा. दुकानाची पाटी नाही."

"हा व्हिडिओ फार जड आहे रे. फोनवर उघडायलाच वेळ लागेल."

"मंग थांबतीन लोकं. थेटरात थांबत नाहीत का?"

आभा दमली होती. तिचं दिवसाचं काम वेगळं, त्यात या दोघांचं रोजचं. "ठीक आहे, टाकते," एवढंच ती म्हणाली. अशी मी झाले. पुढे धुकं, धुक्यामागे शाली, शालींखाली मनोगत. हंसाबाईंचा फोटो 'कलाकार' नावाच्या पानावर जायचा होता. त्या पानावर आभाने तात्पुरतं 'लवकरच येत आहे' असं लिहून ठेवलं. ते तसंच राहिलं. फोन नंबर काकांच्या लँडलाईनचा होता. ती पुढे बंद झाली. नंबर बदलायचं कोणाच्या लक्षात आलं नाही.

मला सांगा, असं घर कोणी बांधतं का, जिथे दारातच धूर केलेला आणि आत शिरल्यावर मालकाचाच सत्कार चाललेला?

तरी हे सगळं मी निमूट सोसलं असतं. नुकसान कोणाचं होतं, तर कंपनीचं. ते त्यांनी करून घेतलं होतं. पण एक दिवस माझ्यामुळे हंसाबाईंना मान खाली घालावी लागली, आणि ते मला अजून खुपतं.

त्यांच्या नातीचा साखरपुडा होता. भर दुपारी तांड्यात मंडप पडलेला, जेवणं झालेली. नवऱ्या मुलाचे काका हिरासिंग हे बोलके गृहस्थ. कोणीतरी त्यांना सांगितलं, नवरीची आजी सिनेमात आहे. त्यांना ते पटेना.

"सिनेमात? या?" ते हसून म्हणाले. "गर्दीतून गेल्या असतीन."

"गर्दीत नाही, भाऊ," हंसाबाई म्हणाल्या. "पूर्न सिनेमा मह्यावरच हाय. संघदीप म्हने, वेबसाईटवर सगळं हाय, कोनालेही दाखव."

नातीने हिरासिंगांच्या फोनवर माझं नाव टाकलं. पाच-सात माणसं त्या फोनवर वाकली, त्यांच्या मागे आणखी. मी त्या काचेआडून त्या सगळ्यांचे चेहरे पाहत होते. रेंज कमी होती. चाक फिरू लागलं. फिरतच राहिलं. कोणी म्हणालं, फोन वर धरा. हिरासिंग खुर्चीवर चढले. शेवटी धुकं दिसलं. सगळे धुकं पाहत राहिले.

"यात आजी कुठं हाय?"

"खाली सरकवा," नात म्हणाली.

खाली शाल पांघरलेले कमलाकरकाका निघाले. मग तिने 'कलाकार' दाबलं, आणि हिरासिंगांनी मोठ्याने वाचलं, "लवकरच येत आहे."

लोक हसले. वाईट मनाने नाही, साखरपुड्यात हसतात तसे. "या मंग लवकर, विहीनबाई," हिरासिंग म्हणाले, आणि पुन्हा हसू उठलं. नात रडवेली झाली. हंसाबाईंनी पदर सारखा केला आणि पाहुण्यांना पान-सुपारी द्यायला उठल्या. फोनकडे त्यांनी परत पाहिलं नाही. आणि मी? मी तिथे धुकं दाखवत होते.

त्याच आठवड्यात त्या एसटीने यवतमाळला आल्या. योगायोगाने संघदीप तिथेच होता. नागपूरला सिनेमाचा खेळ ठरला होता, त्याचं बोलणं चाललं होतं. काकांनी त्यांना खुर्ची दिली. त्या बसल्या नाहीत.

"मले एकच सांगा," त्या म्हणाल्या. "मी तुमच्या सिनेमात होती का नोती?"

"असं काय बोलता, हंसाबाई," काका म्हणाले.

"मंग मी दिसत काहून नाही? भर मंडपात मले लोकायनं खोटी ठरवलं. उन्हात बस म्हनलं, बसली. रड म्हनलं, रडली. मही बहीन खरंच मेली हाय, संघदीप, तुले ठाऊक हाय. तिच्या नावानं रडली मी तुह्या कॅमेऱ्यापुढं. आता तिथं धुपट दिसते अन् हे शालवाले दिसतेत."

काका म्हणाले, "तांत्रिक अडचण असते कधी कधी..."

"ते मले समजत नाही. मह्यं नाव टाकनं नसन, तं मले त्या सिनेमातून काढून टाका. नागपुरात दाखवू नका."

त्या निघून गेल्या. चहा टेबलावर राहिला. संघदीप डोकं धरून बसला. हंसाबाईंना काढलं तर सिनेमात उरतं काय? बाजार आणि एक रिकामी जागा.

"मी पंचायतीत नाही पडत," आभा म्हणाली. "पण एकदा दोघंही आपापल्या फोनवर ही वेबसाईट उघडून पाहा. इथे नाही, बाहेर जाऊन."

संघदीपने नेरच्या बसस्टँडवर उतरल्यावर मला उघडलं. तो उभा राहिला, चाक फिरत राहिलं. शेजारी पोरं वडे खात होती. खाऊन निघून गेली, तरी धुकं आलं नव्हतं. त्याने तिथूनच आभाला फोन लावला. "काढून टाक ते धुकं," म्हणाला. आवाज पडलेला होता. पहाटे कुडकुडत काढलेलं ते दृश्य त्याच्या जिवाचं होतं, हे मलाही कळत होतं.

काका मात्र अडून बसले. शाली काढू दिल्या, पट्टी काढू दिली. आभा मनोगत काढायला गेली, तशी त्यांनी तिचा हात धरला. म्हणाले, "आभा, नोकरीभर मी लिहायचो आणि खाली सही दुसऱ्याची असायची. एकदा माझं नाव वर असावं असं वाटलं, तर त्यात चुकलं काय?"

"चुकलं नाही, बाबा," आभा म्हणाली. "हंसाबाई तरी दुसरं काय मागताहेत?"

काकांनी मनोगत पुन्हा एकदा शेवटपर्यंत वाचलं. मग म्हणाले, "निर्माता म्हणून एक ओळ ठेव. शेवटी."

एवढ्या चिडचिडीतही मला त्या माणसाचा राग धरवेना.

आभाने माझ्या अंगावरचं एकेक काढलं. वर हंसाबाईंचा चेहरा ठेवला, खाली त्यांचं पूर्ण नाव, ठळक. गोष्ट दोन ओळींत. झलक छोटी केली, कमी रेंजमध्येही चालेल अशी. पुढचा खेळ कुठे, कधी, ते लिहिलं. तुमच्या गावात सिनेमा दाखवायचा असेल तर काय करायचं, तेही. आणि संघदीपचा मोबाईल नंबर, दाबला की लागणारा. छोट्या कंपनीला यापेक्षा जास्त काय लागतं, मला तरी समजत नाही. पण हे समजायला एका बाईला मंडपात हसं करून घ्यावं लागलं.

संघदीप फोन घेऊन तांड्यात गेला. हंसाबाई लसणाच्या गड्ड्या निवडत होत्या.

"मले नको दाखवू," त्या म्हणाल्या. "हिरासिंगभाऊले दाखव."

मग दोघं हिरासिंगांच्या गावी गेले. हिरासिंग ओट्यावर बसले होते. संघदीपने त्यांच्याच फोनवर नाव टाकायला लावलं. मी लगेच उघडले. इतक्या लवकर उघडले की हिरासिंगांनी फोन थोडा दूर धरून पाहिला. मग त्यांनी झलक लावली. बाजार, गलका, आणि गोणपाटावर बसलेल्या हंसाबाई. कोणीतरी जागा मागायला येतं. त्या वर पाहत नाहीत, फक्त हात पसरून गोणपाट दाबून धरतात. 'इथं माणूस हाय,' म्हणतात. त्यांच्या बाजूला तर कोणीच नसतं.

हिरासिंगांनी पुन्हा लावली. हसले नाहीत. फोन मांडीवर ठेवून त्यांनी विचारलं, "पुढं काय होते? ते जागा सोडते का नाही?"

"नागपूरले या," हंसाबाई म्हणाल्या. "तिथं दिसन."

ते आले. जीप करून, तांड्यातल्या आणखी बायांना घेऊन आले. खेळ संपल्यावर हंसाबाईंना मंचावर बोलवलं, तेव्हा काकांनी शाल आणली होती, ती त्यांनी हंसाबाईंच्या खांद्यावर घातली आणि बाजूला उभे राहिले. फोटोत ते अर्धे कापले गेले आहेत. तो फोटो माझ्यावर लावा, असं त्यांनी सांगितलं नाही. आभाने आपणहून लावला, अगदी खाली.

आता मी बरी आहे. पुरी सुखी आहे असं म्हणणार नाही, कारण ही माणसं सुधारतात ती तेवढ्यापुरती. काकांनी परवाच विचारलं, दिवाळीचा एक छोटासा दिवा हलता ठेवता येईल का. संघदीपच्या डोक्यात नवीन सिनेमा आहे आणि तो म्हणतो, यावेळी उघडल्याबरोबर पूर्ण काळोख पायजे. आभा कपाळावर हात मारते आणि मी वाट पाहते, ती 'नाही' म्हणते की थकून 'टाकते' म्हणते.

तुमच्यापैकी कोणी अशी छोटी कंपनी चालवत असाल, तर एवढं ऐका. आम्हाला दागिने नकोत. जी माणसं तुमच्या सिनेमात ऊन खातात, त्यांची नावं आधी लिहा. सिनेमा कुठे पाहायला मिळेल ते सांगा. आणि एकदा आपल्याच गावच्या बसस्टँडवर उभं राहून आम्हाला उघडून पाहा.

आता मला पाहत बसू नका. मी सिनेमा नाही, त्याच्याकडे जायची वाट आहे. खाली नंबर आहे, तो लावा आणि हंसाबाईंना तुमच्या गावात बोलवा. संघदीपने उचलला नाही तर तो कुठल्यातरी वरातीत कॅमेरा घेऊन उलटा चालत असेल. थोड्या वेळाने परत लावा.