आत्याच्या मशीनवरचे लाल दिवे

मी ट्रान्झिस्टर बोलतोय. नाही हो, गाणी ऐकवणारा नव्हे! ती पेटी आमच्या नावावर फुकट मिरवते. मी हरभऱ्याएवढा, काळा, एका बाजूनं चपटा आणि तीन पायांचा. मधल्या पायाला चिमूटभर करंट मिळाला, की उरलेल्या दोघांतून मी भरपूर करंट सोडतो.

मला विकत आणलं ठिणगीनं. ती बँकेत नोकरी करते आणि सुट्टीच्या दिवशी टेबलावर तारा पसरून बसते. एकदा घराचा फ्यूज उडवला, तेव्हापासून हे नाव तिला चिकटलंय.

तिची आत्या एकटी राहते आणि कपडे शिवते. हल्ली तिला कमी ऐकू येतं. मशीन चालू असली की बेल कळत नाही आणि गिऱ्हाइकं दारातून परत जातात. तिच्या भावानं, म्हणजे ठिणगीच्या बाबांनी, सारखा धोशा लावला होता, "बंद कर आता हे शिवणकाम. आमच्याकडे राहायला ये." आत्याचा भावावर जीव होता, पण तिला मशीन सोडायची नव्हती.

म्हणून ठिणगीनं घाट घातला, की बेल दाबली की मशीनसमोर दिवे लागले पाहिजेत. बटणापासून बारीक तार, मध्ये मी, पुढे सहा लाल एलईडी आणि प्रत्येकीमागे करंट आवरणारा एकेक रेझिस्टर. हे रेझिस्टर म्हणजे घरातले काका, सदा "जपून, जपून" करणारे. ते नसते तर या उतावळ्या पोरी पहिल्याच झटक्यात जळाल्या असत्या.

आत्याच्या घरी बसून सगळ्यांना कथलाचे डाग देऊन झाले. बटण दाबलं, तर एलईडी नुसत्या मिणमिणल्या! ठिणगीनं बॅटरी बदलली, एलईडींना शिव्या घातल्या. खरं दुखणं माझं होतं आणि मला तोंड उघडता येईना. तिनं पुस्तकातल्या चित्राबरहुकूम मला बसवलं होतं, पण ते चित्र माझ्या चुलतभावाचं! तोंडवळा तोच, पायांचा क्रम नेमका उलटा.

"आत्या, बाबा आज तुला न्यायला येतायत आणि हे पेटेचना!" ती आत्याच्या कानाशी ओरडली.

"अगं, बाही उलटी लागली तर मी काय मशीन फेकून देते? उसवते आणि फिरवून लावते."

ठिणगीनं भिंग उचललं. त्यातून तिनं माझ्यावरचा नंबर वाचला, पुस्तकातल्याशी ताडून पाहिला, कपाळावर हात मारला आणि मला उपटून फिरवून बसवलं. काय सांगू तुम्हाला! दिवे असे लखलखले, की आत्यानं डोळ्यांवर हात धरला. मला आनंदानं नाचावंसं वाटलं, पण तिन्ही पाय जखडलेले.

संध्याकाळी मशीन धडधडत असताना दिवे लागले. आत्या उठून धावलीच. दारात बाबा, एका हातात तिचं सामान भरायला आणलेली रिकामी बॅग, दुसऱ्या हाताचं बोट अजून बटणावर.

"दादा, पुरे! दिसलं मला!"

"दिसलं? म्हणजे?"

"आत ये, सांगते. खुर्चीवरचे कपडे सरकव आणि बस. एवढी शिलाई संपवते, मग चहा टाकते."

बॅग रिकामीच परत गेली.

आता मी मशीनवरच्या छोट्या डब्यात राहतो. गल्लीतली पोरं उगाच बटण दाबून पळतात, आत्या लटक्या रागानं ओरडते आणि मला भारी मजा वाटते. तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे. कपडे शिवायला आलात तर खुशाल बेल दाबा आणि जरा थांबा. आतून आवाज आला नाही म्हणून परत जाऊ नका. आत्या घरीच आहे. ती येतेय.